आवाज बंद ठेवून

घाटंजी सोडून दोन कोसांवर कर्णबधिर मुलांची शाळा.
इथं घंटा नाही.
तास संपला की व्हरांड्यातला पिवळा दिवा
तीनदा उघडमीट करतो.

सर्व्हर जिन्याखाली,
शिलाई मशीन आणि पिचक्या पृथ्वीगोलाच्या मधे.
कूलर त्याच्याकडं वळवून मी घामानं निथळत बसलेलो.
मे महिना. मुलं आपापल्या गावी.

गप्पांचं ॲप महिन्यापूर्वीच चालू केलं होतं मी.
तारीफही झाली.
पण अकरा मुलांनी मिळून काय पाठवलं?
अंगठे. फुलं. एकदा बकरीचा फोटो.
कुळसंगे बाई म्हणाल्या,
"लिहिणं परक्याची बोली आहे हो त्यांच्यासाठी.
हात दिसले पाहिजे."

म्हणून व्हिडिओचा हा खटाटोप.

पोर्ट उघडले.
सर्टिफिकेट काढलं, नव्वद दिवसांचं.
ओळखीचा दाखला दर तीन महिन्यांनी नवा;
तहसीलही इतकं छळत नाही.
तरी कोणीच कोणाला सापडेना.
सर्व्हर बाहेरच्या जगाला सांगत बसला होता
घरातला पत्ता,
जसं नागपूरच्या पाहुण्याला सांगावं
"या ना, शेषरावच्या गोठ्यामागं."
एका ओळीत खरा पत्ता लिहिला.
मोबाइल कंपनीच्या भिंतीआड अडकलेल्यांसाठी
मधे एक निरोप्या बसवला,
जो इकडचं तिकडं नेतो
आणि काय नेतो ते बघत नाही.

मग पुतण्याला लावला, पांढरकवड्याला.
"हॅलो, आवाज येऊन राहिला काय?"
"येऊन राहिला ना काका! तोंड नाही दिसून राहिलं तुमचं."

मी मांडीवर थाप मारली. अर्धं काम झालं.
बाई काही बोलल्या नाहीत.
पंख्याचा आवाज होता, कूलरचा होता,
पुतण्याचं "हॅलो, हॅलो" होतं,
आणि त्यातलं काहीच
या इमारतीच्या उपयोगाचं नव्हतं.

रात्री कळलं.
आवाजाची पुडकी लहान, फाटकातून निसटतात.
चित्राची मोठी, तिथंच अडून मरतात,
कोणाला न सांगता.
पुडकी बारीक केली.
मग एक ओळ मनानंच लिहिली:
सुरुवातीपासून आवाज बंद.
उरलेली सगळी वाट चित्राला.

"चेहरा जरा पुसट झाला तर चालेल का?"
"भुवया दिसू द्या. भुवई उचलली की तो प्रश्न असतो.
रंगाचं सोडा. वेग ठेवा,
नाहीतर बोटं एकमेकांत मिसळतात."

संध्याकाळी सात. अकरा चौकटी.
बोलायला दोन्ही हात लागतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.
लच्छी टेकामनं फोन माठाला टेकवलेला.
आदित्यचा, पाटीवर उभ्या विटेला.
सुगत वासनिकचा त्याच्या आईनं धरलेला, तासभर;
चौकटीच्या कोपऱ्यात तिचा अंगठा,
हळूहळू पांढरा पडत जाणारा.

एवढी गजबज मी आयुष्यात पाहिली नाही.
कोणी कोणाचं बोलणं तोडत होतं,
कोणी हसून खाटेवरून खाली.
बकरीचीही बाजू मांडली गेली बहुतेक.

पावणेआठला लाईन गेली.
जिन्याखाली यूपीएस ओरडायला लागला, टीं, टीं.
नऊ मिनिटं टिकतो तो.
ऐकणारा मी एकटा.
बाई पडद्यात बुडालेल्या,
दिवा लागणार नाही,
आणि त्यांच्या भाषेत मला
एक शब्द येत नव्हता.
मी धावत चौकटीत शिरलो,
फोनची बॅटरी तीनदा लावली, विझवली.

अकराच्या अकरा हात हवेत थांबले.

मग लच्छीनं मला बोट दाखवलं, बघ म्हणाली,
मूठ वर धरली, चटकन उघडली,
पंजा खाली पाडला.
पुन्हा एकदा, सावकाश,
मंद मुलाला शिकवतात तसं.

आता जेवताना घरात अंधार झाला
की माझा हात आपसूक वर जातो.
बायको विचारते, हे काय?
मी म्हणतो, लाईन गेली.